पाडव्याच्या दुसऱ्या दिवसाची चिठ्ठी

पत्र

मावशी, मी ४३ वर्षांची आहे. सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहते आणि टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. आई जन्मभर विड्या वळत होती. फेब्रुवारी २०२० मध्ये तिला अंगावरून लाल जायला लागलं. पाळी जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. तिनं मला ते पंधरा दिवसांनी सांगितलं. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाच्या पिशवीच्या तोंडाचा तुकडा काढून तपासायला लागेल. चिठ्ठीवर २६ मार्च तारीख घालून दिली, म्हणजे पाडव्याचा दुसरा दिवस. आणि पाडव्यालाच सगळं बंद झालं.

मे महिन्यात आई म्हणाली, जाऊन येऊ का गं? मीच म्हणाले, आत्ता नको, दवाखान्यात कोरोना आहे, लॉकडाऊन उठू दे. मग तिचं लाल जाणं कमी झालं. ती बोलली नाही, मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी दुसरी लाट आली. ऑगस्ट २०२१ मध्ये कंबरेच्या दुखण्यानं तिला उठता येईना, तेव्हा नेलं. तिसरी स्टेज निघाली. बार्शीला लाईट, म्हणजे रेडिएशन घेतलं, केमो झाली, दीड वर्ष बरी होती. २०२३ च्या दिवाळीआधी गेली. वर्षश्राद्धाला दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "तूच तिला थांबवलंस." दादा पुण्यात कंपनीत असतो, लॉकडाऊनमध्ये तो तिकडेच अडकला होता. त्या दिवसापासून आमचं बोलणं नाही.

आता आशाताई सारखी येते आणि पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घे म्हणते. मला त्रास काहीच नाही. पण आईला झालं तेच मला असेल असं वाटतं, आणि असलं तर मला कळायलाच नको. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. सांगा, माझी चूक होती का? आणि मी जाऊ का?

उत्तर

२६ मार्च २०२० हा गुरुवार होता. मला तो वार पाठ आहे, कारण आमच्या ओपीडीत गुरुवार हा परत बोलावलेल्या बायकांचा दिवस असायचा.

मी ३१ वर्षं सरकारी नोकरीत नर्स होते, त्यातली शेवटची काही वर्षं स्त्रीरोगाच्या ओपीडीत. आमच्याकडे एक जाड रजिस्टर होतं. नाव, गाव, कशासाठी बोलावलं, तारीख, आणि अगदी उजवीकडे एक अरुंद रकाना: आल्या की नाही. तुझ्या आईला जशी चिठ्ठी मिळाली, तशी चिठ्ठी देताना मी त्या रजिस्टरात नाव लिहीत असे. त्या गुरुवारच्या पानावर अकरा नावं होती आणि उजवा रकाना पूर्ण कोरा राहिला. पुढच्या गुरुवारचाही तसाच. मग आमच्या ड्युट्या कोविड वॉर्डात लागल्या, ओपीडीला कुलूप लागलं आणि रजिस्टर वॉर्डाच्या टेबलावर आलं. त्याच्या मागच्या कोऱ्या पानांवर आम्ही ऑक्सिजनच्या सिलिंडरांचा हिशेब लिहिला. हाताशी दुसरं काही नव्हतं. पुढून उघडलं की बायकांची नावं, मागून उघडलं की सिलिंडरांचे आकडे.

त्याच उन्हाळ्यात काही दिवस माझी ड्युटी गेटवर होती. ताप आहे का, खोकला आहे का विचारायचं आणि आत सोडायचं किंवा परत पाठवायचं. एक बाई दुधाच्या टेम्पोत बसून मंगळवेढ्याकडच्या गावाहून आली होती. पदर नाकाला लावलेला. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "अंगावरून जातंय बाई, वास येतोय." मला त्या वाक्याचा अर्थ कळत होता. इतकी वर्षं तेच काम केलेलं. तरी मी म्हणाले, "मावशी, आता फक्त बाळंतपणं आणि कोरोना. पंधरा-वीस दिवसांनी या." ती बरं म्हणाली आणि टेम्पोकडे गेली. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

तू आईला जे म्हणालीस, तेच मी त्या बाईला म्हणाले. तू घाबरलेली लेक होतीस. मी पगार घेणारी, प्रशिक्षण झालेली नर्स होते. म्हणून चूक कुणाची हे मोजायला बसायचं तर माझं नाव तुझ्या बरंच वर येईल.

पण एवढं सांगून तुला मोकळी केली तर ते खोटं सांत्वन होईल. उशिरानं नुकसान होतं. उपचाराला चार आठवडे उशीर झाला तर मृत्यूचा धोका साधारण ६ ते १३ टक्क्यांनी वाढतो, असं सात प्रकारच्या कॅन्सरवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०२० मध्येच मांडलं गेलं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर त्या सातांत होता. तुझ्या आईचे तर सतरा महिने गेले. पण असे आकडे हजारो माणसांचे मिळून असतात, त्यातून एका बाईचा निकाल काढता येत नाही. पाळी गेल्यावर रक्त जायला लागलं, याचा अर्थ आजार तेव्हाच तोंड वर काढून बसला होता असू शकतो. २६ मार्चला तुकडा काढला असता तर कोणती स्टेज निघाली असती, हे आता कुठलाच डॉक्टर सांगू शकणार नाही. दादाही नाही आणि तूही नाहीस. रात्री उशीला डोकं टेकलं की तू ज्या ‘जर’च्या मागे धावतेस ना, त्याच्या टोकाला काय होतं हे कुणालाच कळायचं नाही. ती धाव तू थांबवावीस असं मला मनापासून वाटतं.

आता एक गोष्ट नीट उलगडून सांगते, कारण तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्यातच आहेत.

कोरोनात कॅन्सरच्या तपासण्या थांबल्या असं सगळे म्हणतात. त्या बोलण्यात दोन वेगळी माणसं एकाच पोत्यात घातली जातात. एक, जिला काहीच त्रास नाही अशी बाई. तिला वर्षा-दोन वर्षांनी, पाच वर्षांनी नुसतं बघायचं असतं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि विषाणू शिरल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुतेकींच्या बाबतीत दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहून जास्त जातात. अशा बाईची तपासणी सहा महिने पुढे गेली तर सहसा फार बिघडत नाही. दुसरी, जिला त्रास सुरू झालाय अशी बाई. पाळी गेल्यावर लाल जातंय, संबंधानंतर रक्त येतंय, वासाचं पाणी जातंय, छातीत गाठ लागतेय, तोंडातली जखम तीन आठवडे भरत नाहीये. हिला बघायचं नसतं, हिचं निदान करायचं असतं. ही थांबू शकत नाही.

त्या वर्षी दाराशी दोघींनाही एकच उत्तर मिळालं: नंतर या. पहिलीला ते चालून गेलं. दुसरीचा त्यात घात झाला. तुझी आई दुसरी होती, आणि हा फरक तुला कुणी सांगितलेला नव्हता. चिठ्ठीवर तारीख होती, पण ही तारीख चुकवून चालणार नाही असं त्यावर लिहिलं नव्हतं. दवाखान्यातून फोन आला नाही. टीव्हीवर दिवसभर घराबाहेर पडू नका एवढंच चालू होतं. तू त्या काळात सगळ्यांचं ऐकलंस आणि आईला कोरोनापासून वाचवायला बघितलंस. पंचावन्न-साठीच्या बाईला तेव्हा कोरोनाचा धोका खरा होता. तू काही भलत्या भीतीनं तिला घरात ठेवलं नव्हतंस.

आणि तू एकटी नव्हतीस. देशभरातल्या ४१ कॅन्सर रुग्णालयांनी मार्च ते मे २०२० चा हिशेब आदल्या वर्षाच्या त्याच तीन महिन्यांशी ताडून पाहिला. २०१९ मध्ये तिथे १,१२,२७० नवे रुग्ण आले होते. २०२० मध्ये आले ५१,७६०. म्हणजे तीन महिन्यांत साठ हजार माणसं कमी. मोठी ऑपरेशनं ४९ टक्क्यांनी घटली. तुकडा तपासण्यासारख्या पॅथॉलॉजीच्या निदान-चाचण्या ३८ टक्क्यांनी घटल्या. यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त रुग्णालयांत त्रास नसलेल्यांची तपासणी एकतर पूर्ण बंद होती किंवा नेहमीच्या पाव भागाहूनही कमी चालू होती. त्या वसंतात साठ हजार माणसांचा कॅन्सर आपोआप बरा झाला नव्हता. ती माणसं घरी होती, तुझ्या आईसारखी. एसटी बंद, रेल्वे बंद, मुंबईला टाटाला नेणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस बंद. विडी कारखाने बंद, म्हणजे पान-तंबाखू नाही, हजार विड्यांमागे मिळणारी हजारी नाही आणि शनिवारचा पगार नाही. विड्या वळायचं सूप भिंतीला टेकवून बसलेल्या बाईला रिक्षाचे दोनशे रुपये काढायला सांगणं किती अवघड होतं, हे पुण्यात अडकलेल्या दादाला कसं कळणार?

आणखी एक गोष्ट बोलली जात नाही. जे थांबलं ते आपल्याकडे आधीच फार थोडं होतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, पिशवीच्या तोंडाची तपासणी आयुष्यात कधी झाली आहे का? हो म्हणणाऱ्या शंभरात दोनसुद्धा नव्हत्या. आपल्याकडे बाईचा कॅन्सर सापडायचा तो तारखेनं ठरलेल्या तपासणीत नाही, कुणाच्या तरी बोलण्यातून. आशाताई पायरीवर बसून चहा घेताना विचारायची, पाळीचं काय गं आता? जाऊबाई म्हणायची, हे बरं नव्हे, दाखवून ये. दाताच्या डॉक्टरला दाढ दाखवायला गेलेल्या माणसाच्या गालातला पांढरा चट्टा त्यांच्या नजरेला पडायचा. कोरोनानं हे सगळं बोलणं बंद केलं. आशाताईच्या हातात ऑक्सिमीटर आला आणि ती दारातूनच ताप मोजून पुढच्या घरी जायला लागली. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली तेव्हा ती घरोघर आली, पण शंभर घरं उरकायची असताना पाळीचं कोण विचारणार? दातांचे दवाखाने बंद होते. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, त्यामुळे तोंडातलं कुणाला दिसेना. खोकला लांबला की कोरोनाच. लस घेतल्यावर काखेत गाठ आली की लसीचीच. बऱ्याचदा ते खरंही असायचं, म्हणून तर जी गाठ लसीची नव्हती तीही त्यात खपून गेली.

बोलण्याला मी एवढं महत्त्व का देते, ते तुला बार्शीवरून सांगते. तुझ्या आईनं जिथे लाईट घेतली, त्याच बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. शहरात नोंदणी करायची तर दवाखान्यांचे कागद मिळतात. खेड्यात कागदच नव्हते, कारण माणसं दवाखान्यात पोचतच नव्हती. म्हणून नोंदणीची माणसं बार्शी, परांडा, भूम तालुक्यांत गावोगाव हिंडली. पारावर बसून, घरात जाऊन त्यांनी लक्षणं समजावली आणि शंका असेल त्यांना दवाखान्यात यायला सांगितलं. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. तरी पुढच्या वर्षांत त्या भागातल्या बायका पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी आधीच्या टप्प्यात यायला लागल्या. हे आपल्या जिल्ह्यात घडलेलं आहे.

शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात त्याहून मोठं काम झालं. १९९९ पासून तिथल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका एका अभ्यासात होत्या. एका गटातल्या बायकांची फक्त एकदा एचपीव्ही तपासणी झाली आणि गरज होती तिथे उपचार झाले. आठ वर्षांत त्या ३४,१२६ बायकांपैकी या कॅन्सरनं ३४ जणी दगावल्या. ज्या गटाची तपासणी झाली नव्हती, त्या ३१,४८८ पैकी ६४. एका तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. तपासणी न झालेल्या त्या गटाबद्दल पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता असं माझं मत आहे, कारण त्यासुद्धा कुणाच्या तरी आया होत्या. पण जगानं एचपीव्ही तपासणीवर जो विश्वास टाकला, त्यात आपल्या या शेतमजूर, विडीवाल्या, भाकऱ्या थापणाऱ्या बायकांचा मोठा वाटा आहे.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: जा. याच महिन्यात जा.

तू म्हणतेस, असलं तर कळायलाच नको. तू कॅन्सर शोधायला जाते आहेस असं धरून बसली आहेस. तुला त्रास काही नाही, म्हणजे तू वर सांगितलेल्या दोघींपैकी पहिली आहेस. तुझ्याकडे वेळ आहे, जो आईकडे नव्हता. या तपासणीत बहुतेकींना काहीच निघत नाही. काहींना निघतं ते कॅन्सरच्या आधीचं असतं, वर्षानुवर्षं तिथेच राहिलेलं, आणि ते पाच-दहा मिनिटांत जाळून किंवा गोठवून काढता येतं. त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही. उलट कुणी तपासणीशिवायच "पिशवी काढून टाकू, झंझट नको" म्हणालं तर तिथून उठून ये.

आणि आईला झालं म्हणून मला होणार, हेही मनातून काढ. छातीच्या काही कॅन्सरांत घराण्याचा भाग मोठा असतो. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं मुख्य कारण विषाणू आहे आणि तो आईकडून मुलीला वारशानं मिळत नाही. हा विषाणू संबंधातून येतो हे ऐकलं की घरात कुजबुज सुरू होते, म्हणून तेही सांगून टाकते. तो इतका सर्रास आहे की संसार केलेल्या बहुतेक बायका-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो आणि शरीर तो आपोआप घालवतं. थोड्याजणींत तो मुक्काम करतो. त्यात तुझ्या आईच्या वागण्याचा किंवा तुझ्या बाबांच्या चारित्र्याचा काही निवाडा नाही. कुणी तसं बोललं तर हे उत्तर माझ्या नावावर दे.

काय होतं ते सांगते, म्हणजे टेबलावर घाबरायला नको. पाळी चालू नसेल असा दिवस निवड. आधीचे दोन दिवस संबंध नको आणि आतून कुठलं औषध, मलम नको. झोपायचं, पाय दुमडायचे, अंगावर चादर असते. नसेल तर माग. सिस्टर एक चिमट्यासारखं साधन आत घालून पिशवीचं तोंड बघते. गार लागतं, थोडं दाबल्यासारखं वाटतं. श्वास सोडत राहिलीस की निम्मा त्रास कमी. मग ती कापसानं व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावते आणि मिनिटभर थांबते. खराब झालेल्या पेशी असतील तर तिथे पांढरा डाग उठतो. तो उठला तर तिथेच किंवा मोठ्या दवाखान्यात पुढचं ठरवतात. पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. सूज असली तरी तो उठतो. कुठे या आम्लाऐवजी ब्रशनं नमुना घेऊन एचपीव्हीची तपासणी करतात. ती मिळाली तर जास्त चांगली. सगळ्याला पाच मिनिटं लागतात. आशाताईला विचार, आरोग्य केंद्रात कोणत्या वारी होते, आणि करणारी बाई असेल का. हे विचारायचा तुला हक्क आहे. तिथे होत नसेल तर सिव्हिलच्या स्त्रीरोग ओपीडीत जा.

याच खेपेला छातीही तपासून घे आणि तोंडही. शिलाईला जाणाऱ्या बायका सकाळी मिशरी लावून निघतात हे मला माहीत आहे. तू लावत असशील तर ती सोड. नसशील तरी आरशासमोर तोंड उघडून गाल आणि जिभेच्या कडा बघ. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, किंवा तीन बोटं उभी आत जात नाहीत इतकं आखडलेलं तोंड, यातलं काही असेल तर सिस्टरला दाखव. समज काही निघालंच, तर पैशाच्या भीतीनं मागे फिरू नकोस. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, रेशनकार्ड आणि आधार लागतं, आणि १५५३८८ या नंबरवर कुठे जायचं ते सांगतात.

मुलीचं तर तू विचारलंही नाहीस, नुसतं तिचं वय लिहिलंस. मला त्यातून कळलं. एचपीव्हीची लस आहे आणि ९ ते १४ हे तिचं सगळ्यात चांगलं वय. आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी लस जानेवारी २०२३ मध्ये आली. मुलीला कुठे आणि कशी मिळेल, ते त्याच दिवशी आरोग्य केंद्रात विचार. जागतिक आरोग्य संघटनेनं हा कॅन्सर संपवायचा कार्यक्रम जाहीर केला तो १७ नोव्हेंबर २०२० ला, ऐन कोरोनात. पंधराव्या वर्षाच्या आत मुलींना लस, आणि बाईची तपासणी ३५ व्या वर्षापर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत पुन्हा एकदा. तुझं आता दुसऱ्या खेपेचं वय झालं आहे आणि पहिली खेपच झालेली नाही.

दादाचं सांगते. तो सगळ्यांसमोर बोलला ते चूक होतं आणि त्याबद्दल त्यानं तुझी माफी मागायला हवी. पण पुण्यात खोलीत अडकून बसलेला मुलगा त्या सतरा महिन्यांत आईला फोनवर काय विचारत होता, हे त्याला स्वतःला आठवत असणार. जेवलीस का, बाहेर जाऊ नको, मास्क लाव. रक्ताचं त्यानंही विचारलं नाही. त्याला ते बहुधा माहीतच नव्हतं, कारण आपल्याकडे आई हे मुलाला सांगत नाही. आईच्या आजारात आपण काहीच केलं नाही, हे ज्याला सलतं त्याला दोष ठेवायला एखादं माणूस लागतं, आणि दादाला तू सापडलीस. वाद घालू नकोस आणि खुलासेही देऊ नकोस. त्या चिठ्ठीचा फोटो काढ आणि त्याला पाठव. खाली एवढंच लिही: ही आईची तारीख होती. तो ती बघेल, पाडवा आठवेल, आणि पुढचं त्याचं त्याला कळेल. लगेच नाही कळलं तर थांब. चिठ्ठी मात्र फाडू नकोस, तिच्यावर आईचं नाव आहे.

वहिनीचं वय तू लिहिलं नाहीस, पण चाळिशीच्या आसपास असणार. तिचीही तपासणी झालेली नसेल. दादाशी बोलणं नसलं तरी वहिनीशी असेलच. तिला फोन कर आणि सुट्टीत गावी आली की दोघी मिळून जाऊ म्हण. नाही जमलं तर आशाताईलाच बरोबर ने. ती एवढ्यांदा तुझ्या दारी आली, तर एकदा तुझ्याबरोबर यायला ती नाही म्हणणार नाही.

आणि पुन्हा कधी असं सगळं बंद झालं, किंवा नुसताच दवाखान्यात संप असला, डॉक्टर रजेवर असले, तर स्वतःसाठी किंवा घरातल्या कुणासाठी एवढं कर. त्रास सुरू झालेला असेल तर ‘नंतर या’ ऐकून परत फिरू नकोस. नंतर म्हणजे कोणत्या तारखेला, ते कागदावर मागून घे, आणि हा त्रास थांबण्यासारखा आहे का, असं तोंडावर विचार. त्या दुधाच्या टेम्पोतल्या बाईनं मला असं विचारलं असतं तर मी तिला आत घेतलं असतं. विचारायला हवं होतं ते मीच तिला, हेही मला माहीत आहे.

आशाताई कोणता वार सांगते ते मला कळव. बरोबर कोण येणार आहे, तेही लिही.